वाळवंटांतील झाडांची सोयरीक

दसऱ्याच्या दिवशीं शीव ओलांडून आपण ज्या शमीची पूजा करितों, तें झाड आपल्या देशावर आतां कोठें कोठें एखाददुसरेंच दृष्टीस पडतें. कित्येक ठिकाणीं त्यास सौंदड म्हणतात. आपल्याकडे पूजेपुरतें उरलेलें हें झाड मारवाडांत मात्र शेतकऱ्याच्या संसाराचा आधारच आहे. तेथें त्याचें नांव खेजडी. वर्षाकाठीं पांच ते पंधरा इंच पाऊस पडणाऱ्या त्या मुलखांत खेजडीचा पाला शेळ्यांस व उंटांस चारा होतो, कोंवळ्या शेंगांची भाजी होते, लांकूड जळणास येतें, आणि तिच्या सांवलींत बाजरीचें पीक मोकळ्या रानापेक्षां चांगलें येतें. १७३० सालीं जोधपूरजवळच्या खेजडली गांवीं या झाडांवर कुऱ्हाड चालूं नये म्हणून अमृतादेवीसह ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनीं आपले प्राण दिले. १९८३ मध्यें राजस्थान सरकारनें खेजडीस राज्यवृक्षाचा मान दिला.

अशा या झाडास गेल्या कांहीं दशकांत उतरती कळा लागली आहे. मुळें पोखरणारी भुंगेऱ्याची अळी आणि गॅनोडर्मा नांवाची बुरशी यांच्यामुळें मोठमोठीं झाडें उभींच्या उभीं वाळतात. पाला ओरबाडण्याचा अतिरेक आणि खोल गेलेलें पाणी यांनीं झाडाची शक्ति आधींच खचलेली असते. परंतु जुनें झाड मरणें हा सृष्टीचा क्रमच आहे. खरी चिंतेची गोष्ट ही कीं, पुष्कळ शेतांत मेलेल्या झाडाच्या जागीं नवें झाड उभें राहत नाहीं. नवें झाड यावयाचें तर बीं पाहिजे, तें योग्य जागीं पडलें पाहिजे, आणि तें चांगल्या वंशाचें असलें पाहिजे. यांतील पहिली गोष्ट सर्वांस दिसते, दुसरी थोड्यांस दिसते, तिसरीकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. म्हणून वाळवंटांतील झाडांचें बीं कसें पसरतें, आणि त्यायोगें दूरदूर उभ्या असलेल्या झाडांचें नातें कसें टिकतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

झाडांचें गोत्र

गुरें पाळणाऱ्यास हें नव्यानें सांगावयास नको कीं, एकाच वळूकडून वर्षानुवर्षें गाई भरविल्या आणि त्याच्याच कालवडी पुन्हां त्यालाच दाखविल्या, तर थोड्याच पिढ्यांत वासरें खुरटतात, दूध घटतें आणि रोगराई बळावते. म्हणून शहाणा शेतकरी परगांवचा वळू आणतो. माणसांनींहि सगोत्र सोयरीक वर्ज्य मानिली आहे. झाडांसहि हाच नियम लागू आहे. प्रत्येक सजीवाच्या शरीरांत वंशगुण वाहून नेणारे जे सूक्ष्म घटक असतात, त्यांस शास्त्रज्ञ जनुकें म्हणतात. एकाच कुळांतील झाडांचा आपसांत संकर होत राहिला म्हणजे सदोष जनुकांची जोडी जुळण्याचा संभव वाढतो आणि रोपें दुबळीं निपजतात. शिवाय सर्व झाडें एकाच वळणाचीं झालीं, तर नवा रोग अथवा नवें अवर्षण आलें असतां तीं एकदमच बळी पडतात. नाना वंशांचीं झाडें असलीं, तर त्यांतील कांहीं तरी तग धरतात व पुढील पिढी चालवितात.

वाळवंटांत ही अडचण विशेष आहे. तेथें झाडें दाट अरण्य करून राहत नाहींत. एका ओढ्याच्या कांठीं वीस, दोन कोसांवरच्या खोलगट जागीं दहा, मध्यें नुसती वाळू अथवा खडक, अशी त्यांची वस्ति असते. अशा तुटक वस्त्यांत बाहेरून कांहींच आलें नाहीं, तर प्रत्येक वस्ति म्हणजे एकाच भाऊबंदाचें गांव होऊन बसेल. तें होऊं नये म्हणून सृष्टीनें दोन वाटा ठेविल्या आहेत. एक परागाची व दुसरी बियाची. पराग केवळ पित्याचे गुण नेतो, आणि त्यास पोंचावयाचें तर पलीकडे फुललेलें झाड आधींच असावें लागतें. बीं आईबापांचे, उभयतांचे गुण नेतें, आणि तें ओसाड जागीं जाऊन नवी वस्तीहि करूं शकतें. परागाचा प्रवास म्हणजे सोयरीक होय, आणि बियाचा प्रवास म्हणजे परगांवीं जाऊन घर बांधणें होय.

हा प्रवास डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं. पण त्याचा माग काढण्याची एक युक्ति शास्त्रज्ञांस सांपडली आहे. पानांस हिरवा रंग देणारे जे हरितकण, त्यांच्यामध्यें थोडीं जनुकें असतात, आणि बहुतेक सपुष्प वनस्पतींत तीं केवळ आईकडून येतात. हीं जनुकें ताडून पाहिलीं कीं बीं कोठून कोठें गेलें हें कळतें. पेशीच्या केंद्रांतील जनुकांत मात्र पराग व बीं या दोहोंच्याहि प्रवासाची खूण उरते. दोहोंची तुलना केली म्हणजे कोण लांबचा प्रवासी आणि कोण जवळचा याचा हिशेब लागतो. भाटाच्या वहींत कुळाची नोंद सांपडावी, त्यांतलाच हा प्रकार.

अशी किती आवकजावक असली म्हणजे पुरे? स्यूअल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९३१ मध्यें या प्रश्नाचें गणित मांडिलें. त्यावरून पुढें असा स्थूल नियम बसला कीं, दर पिढीस बाहेरचा एक जीव येऊन त्याचा वंश मिसळला, तरी दोन समूह एकमेकांस अगदींच पारखे होत नाहींत. व्यवहारांत हा आंकडा एकापासून दहापर्यंत धरावा असें नंतरच्या शास्त्रज्ञांनीं सुचविलें. खेजडीसारख्या झाडाची पिढी कित्येक दशकांची असते. म्हणजे इतक्या वर्षांत दुरून आलेलीं थोडींशीं बियें रुजलीं, वाढलीं आणि फुललीं, तरी वस्तीचें मोठें काम होतें. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें. कारण यामुळेंच एखादा कळप, एखादा पक्षी किंवा एखादा पूर यांस एवढें महत्त्व येतें.

बीं कोण वाहतें?

पहिला वाहक वारा. आपल्या माळावरची रुई मारवाडांतहि सर्वत्र आहे. तिच्या बियांस रेशमासारखे केंस असतात व त्यांवर तें बीं तरंगत जातें. रोहिड्याच्या बियांस पातळ पंख असतात. वाळूच्या टेकाडांवर वाढणाऱ्या फोग नांवाच्या झुडुपाच्या फळास चोहोंकडून राठ केंस असतात. त्यामुळें तें वाळूंत लवकर गाडलें न जातां वाऱ्याबरोबर घरंगळत पुढें जातें. कडू इंद्रायणाचें फळ वाळून पोकळ व हलकें झालें म्हणजे चेंडूसारखें लोळत जातें आणि फुटेल तेथें बीं सांडतें. वाऱ्याचा दोष एवढाच कीं, त्यास जागेची निवड नाहीं. शेंकडों बियांतून एखादेंच ओलाव्याच्या जागीं पडतें.

दुसरा वाहक पाणी. वाळवंटांत पाऊस क्वचित पडतो, पण पडतो तेव्हां कोरडे ओढे दोन्ही थड्या भरून वाहतात. त्या लोंढ्याबरोबर बीं वाहत जातें, गोट्यांवर घासून त्याची कठीण साल खरवडली जाते, आणि ओलावा जेथें मुरतो तेथेंच तें गाळांत रुततें. परंतु पाणी केवळ उतारानें नेतें. एका ओढ्याचें बीं डोंगर ओलांडून दुसऱ्या ओढ्यांत नेण्याची शक्ति त्याच्यांत नाहीं. इस्रायल देशाच्या नेगेव्ह वाळवंटांत अशाच कोरड्या ओढ्यांतून वाढणाऱ्या एका जातीच्या बाभळींचा वंशविचार २००२ मध्यें प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या ठिकाणच्या बाभळींच्या समूहांत वंशभेद बराच मोठा आढळून आला. बाहेरून पाहतां झाड तेंच, कांटा तोच, शेंग तीच. पण कुळें निराळीं.

तिसरा वाहक म्हणजे चालतें जनावर. भुरट नांवाच्या गवताचीं कुसळें मेंढ्यांच्या लोंकरींत आणि वाटसरूच्या धोतरांत अडकून कोसच्या कोस जातात. आपला सराटा पायताणाच्या तळव्यांत रुतून जातो, हा अनुभव सर्वांस आहेच. पण खरा लांबचा आणि उपयोगी प्रवास घडतो तो जनावराच्या पोटांतून. बोर, नेपती आणि पीलू यांचीं फळें पांखरें खातात व दुसऱ्या झाडावर बसून बीं टाकतात. म्हणून या झाडांचीं रोपें पुष्कळदां दुसऱ्या झाडाखालीं, सांवलींत व पांखरांच्या विष्ठेच्या खतांत उगवलेलीं दिसतात. आपल्या सोलापूरकडील माळढोक पक्ष्याचे जातभाई थरच्या वाळवंटांत बोरें आणि नेपतीचीं फळें आवडीनें खातात. खेजडी आणि बाभूळ यांच्या शेंगा चिंकारा, नीलगाय, उंट, गुरें व शेळ्यामेंढ्या खातात.

पोटांतील प्रवास

या प्रवासापासून झाडास तीन लाभ होतात. पहिला अंतराचा. बीं पोटांत दोन-तीन दिवस, प्रसंगीं अधिकहि राहतें. कळप दिवसाकाठीं चार कोस चालला असें धरिलें, तरी दोन दिवसांत बीं आठ कोस दूर गेलें. एवढी मजल वारा क्वचितच मारतो. दुसरा लाभ रुजण्याचा. या बियांची साल इतकी कठीण असते कीं पाणी आंत शिरत नाहीं. पोटांतील रसानें ती मऊ पडते आणि पहिल्या पावसास कोंब येतो. शेणाचें खतहि आयतेंच मिळतें.

तिसरा लाभ किडीपासून सुटकेचा. तुरींत व हरभऱ्यांत पडणारा भुंगेरा आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. त्याच्याच कुळांतील भुंगेरे बाभळीच्या व खेजडीच्या शेंगांवर अंडीं घालतात आणि अळी बियाच्या आंत शिरून गर खाते. शेंग झाडाखालीं पडून राहिली तर किडीची वाढ होतच राहते व बहुतेक बीं फुकट जातें. तीच शेंग जनावरानें वेळेवर खाल्ली, तर कोंवळी अळी पोटांत मरते आणि फारसें न पोखरलेलें बीं वांचतें. म्हणजे चरणारें जनावर झाडाचा केवळ शत्रु नव्हे. तें पाला खातें हें खरें, पण त्याचें भाडेंहि चुकवितें.

याखेरीज बियाचा आणखी एक प्रवास आहे, तो काळांतील. पेरणीच्या वेळीं सर्व बियाणें एकाच दिवशीं न घालतां दुबार पेरणीसाठीं कांहीं राखून ठेवावें, हें शहाणपण वाळवंटांतील वनस्पतींस उपजतच आहे. एका वर्षाचें सगळें बीं एकाच पावसानें उगवत नाहीं. कांहीं जमिनींत वर्षानुवर्षें निजून राहतें. पाऊस दगा देऊन सर्व रोपें करपलीं, तरी कूळ बुडत नाहीं. शिवाय दहा वर्षांपूर्वींचें बीं व गतवर्षींचें बीं एकाच पावसांत उगवून एकत्र फुलतात, म्हणजे निरनिराळ्या पिढ्यांचीहि सोयरीक जुळते.

हाच वाहक वैरी कसा होतो

येथवर गुण सांगितले. आतां दुसरी बाजू पाहूं. जनावरास बियाची पारख नसते. जी शेंग गोड, तिचें बीं तें वाहणार. १८७७ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेकडील एका कांटेरी झाडाचें बीं जमेका बेटाहून आणून तेव्हांच्या मद्रास इलाख्यांतील कडप्पा जिल्ह्यांत लाविलें गेलें. हीच आपली वेडी बाभूळ अथवा विलायती बाभूळ. उजाड जमिनीवर लवकर वाढते व जळण देते, म्हणून तिचें कौतुक झालें. १९४० मध्यें जोधपूर दरबारानें तिला राजवृक्षाचा मान देऊन ती लावण्यास व राखण्यास प्रजेस उत्तेजन दिलें. कच्छांत बन्नीच्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशांत, रणाचा खार पुढें सरकूं नये या हेतूनें, १९६१ पासून वनखात्यानें तिची लागवड केली. हेतु चांगला होता. पण शेंग गोड, बीं कठीण आणि कळप फिरते. मग काय विचारतां! जेथें जेथें गुरें गेलीं तेथें तेथें शेणांतून ती उगवली आणि बन्नीच्या गवताचा मोठा भाग तिनें गिळला. कच्छी लोक तिला गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळच म्हणतात. गुजराथेंत वेळावदर येथील काळवीट व नीलगाई यांच्या विष्ठेंतूनहि तिचें बीं पसरतें असें अभ्यासांत दिसून आलें आहे. आपल्याकडील नाल्यांच्या कांठीं आणि पडीक रानांत तिनें कसा ठाव धरला आहे, हें आम्हीं वाचकांस सांगण्याची गरज नाहीं.

अशा रीतीनें एकीकडे परक्या झाडाची वाट मोकळी झाली असतां दुसरीकडे देशी झाडांच्या वाटा बंद होत आहेत. लांकडी नांगर खेजडीच्या रोपास वळसा घालून जात असे. ट्रॅक्टर सरसकट उखडून जातो. देशांतील उंटांची संख्या २०१२ च्या गणनेंत सुमारें चार लक्ष होती, ती २०१९ च्या गणनेंत अडीच लक्षांवर आली. राईका व रेबारी यांच्या कळपांच्या जुन्या वाटा कालवे, रस्ते, कुंपणें आणि सूर्यशक्तीवर वीज उत्पन्न करणारीं विस्तीर्ण क्षेत्रें यांनीं तुटल्या आहेत. मध्यें विसाव्याचीं ठिकाणें राहिलीं आहेत तीं ओरणांचीं. ओरण म्हणजे देवतेच्या नांवानें राखलेलें रान, आपल्या देवराईसारखें. तेथें झाड तोडीत नाहींत, पण गुरें चरावयास मोकळीं असतात. त्यामुळें ओरणांतून बीं व पराग बाहेर जाण्याची आणि बाहेरून आंत येण्याची सोय आपोआपच होते. डिसेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें राजस्थानांतील ओरणांची पाहणी करून त्यांस वनांप्रमाणें संरक्षण देण्याविषयीं आदेश दिला, ही समाधानाची गोष्ट होय.

शेतकऱ्यानें काय करावें?

हें सर्व वाचून कोणी म्हणेल कीं, वाळवंटांतील झाडांशीं आम्हांस काय कर्तव्य? परंतु बांधावर शमी, बाभूळ, बोर किंवा कडुनिंब लावणाऱ्या प्रत्येकास यांतून घेण्यासारखा धडा आहे. तो आम्ही पुढें थोडक्यांत देतों.

पहिली गोष्ट, बीं एकाच झाडाचें घेऊं नये. घरामागच्या एका भरघोस झाडाखालीं पोतें भरून बीं मिळतें हें खरें. पण त्यापासून होणारीं सगळीं रोपें एका आईचीं लेंकरें होत. निदान पंचवीस-तीस झाडांचें थोडथोडें व सारखें बीं घ्यावें आणि मिसळावें. दोन झाडांमध्यें शंभरसवाशें पावलांचें अंतर असावें; कारण जवळजवळचीं झाडें बहुधा भावंडें असतात. शमीच्या मुळांपासून तर फुटवे येतात, त्यामुळें शेजारचीं चार झाडें म्हणजे कधीं कधीं एकच झाड असतें.

दुसरी गोष्ट, बीं आपल्याच पाऊसमानाच्या व आपल्याच जातीच्या जमिनींतील झाडांचें घ्यावें. परगांवचें रक्त हवें म्हणून पांचपट पावसाच्या मुलखांतून बीं आणणें शहाणपणाचें नव्हे.

तिसरी गोष्ट, शेंगा पिकतांच गोळा कराव्या, उन्हांत चांगल्या वाळवाव्या आणि भोंक पडलेलें बीं निवडून टाकावें. पेरण्यापूर्वीं उकळी आलेलें पाणी चुलीवरून खालीं उतरून त्यांत बीं घालावें व एक अहोरात्र तसेंच भिजूं द्यावें. जनावराच्या पोटांत जें घडतें, त्याची ही घरगुती नक्कल आहे.

चौथी गोष्ट, शेतांत आपोआप उगवलेलें चांगल्या झाडाचें रोप दिसलें तर शेजारीं काठी रोवून खूण करावी, म्हणजे नांगरणारा तें वांचवील. तें बीं कोणा दूरच्या झाडाचें असूं शकेल, आणि असें रोप पैसे देऊनहि मिळत नाहीं.

पांचवी गोष्ट कलमांविषयीं. बिकानेर येथील केंद्रीय शुष्क बागायत संस्थेनें डोळे भरून वाढविण्याजोगी, बिनकांट्याची ‘थार शोभा’ नांवाची खेजडीची जात काढिली आहे. भाजीच्या शेंगांसाठीं अशी जात उत्तम. पण डोळे भरून केलेलीं सर्व झाडें वंशानें एकच असतात. म्हणून बागेंत कलम लावावें; बांध, गायरान व देवराई यांसाठीं मात्र नाना झाडांच्या बियांपासून केलेलीं रोपेंच वापरावीं.

सहावी गोष्ट वेडी बाभळीची. तिच्या शेंगा पिकल्या असतील त्या दिवसांत त्या रानांतून आलेलीं गुरें एकदम स्वच्छ कुरणांत सोडूं नयेत. तीन-चार दिवस, शक्य तर आठवडाभर, गोठ्यांत बांधून चारावीं आणि त्यांचें शेण ताजें शेतांत न टाकतां उकिरड्यांत चांगलें कुजवावें. शेंगा वेंचून आणून दळल्या तर बीं मरतें आणि पीठ इतर खाद्यांत थोड्या प्रमाणांत मिसळून जनावरांस देतां येतें. नुसत्या शेंगांवरच जनावर ठेवूं नये, तें त्यास बाधतें. झाड काढावयाचें तर जमिनीबरोबर तोडून भागत नाहीं. तें फिरून फुटतें. बुंधा जमिनीखालीं वीतभर खणून मुळाचा गड्डा काढिला पाहिजे. धनगराचीं मेंढरें शेतांत बसविण्याची आपली चाल फार चांगली आहे. परंतु मेंढरें कालपरवां कोठें चरलीं एवढें विचारून घ्यावें.

तात्पर्य इतकेंच कीं, वाळवंटांतील एकाकी झाड एकाकी नसतें. वारा, पाणी, पांखरें आणि आपलीं गुरें यांच्या येण्याजाण्यानें तें आपल्या दूरच्या सोयऱ्यांशीं जोडलेलें असतें, आणि ही जोड तुटली म्हणजे तें उभें असूनहि निर्वंश होण्याच्या मार्गास लागतें. बीं वाहणाऱ्यांत शेतकरी स्वतःहि एक आहे. जनावरास शमी आणि वेडी बाभूळ सारखीच. त्याच्या पोटांत कोणतें बीं जावें व कोणतें जाऊं नये, हें ठरविणें त्याच्या धन्याच्या हातीं आहे. येत्या ज्येष्ठ-आषाढांत आपल्या शिवारांतील शमीच्या शेंगा पिकतील, तेव्हां एका झाडाखालीं न थांबतां वाचकांनीं शीवभर हिंडून बीं गोळा करावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.